वरून दिसणारे कापड

२९ ऑगस्ट १९४८

आण्णासाहेबांनी आज विचारले, विमानातून खालचा माणूस ओळखू येतो का. मी म्हटले, येत नाही. आपला येत नाही आणि दुसऱ्याचाही येत नाही. त्यांना हे उत्तर आवडले नाही. ते तुळजापूरचे वकील. निजामाच्या हद्दीबाहेर, सोलापूरच्या बाजूच्या एका शेतात निजामाविरुद्ध लढणाऱ्या तरुणांचा आमचा कँप चालवतात. प्रत्येक प्रश्नाला निदान दोन बाजू असाव्यात, अशी त्यांची अपेक्षा असते.

कँपातल्या मुलांना मी इथे कशासाठी आहे ते कळलेले नाही. जखमा बांधायला आले असे त्यांना वाटते. मला जखमा बांधता येत नाहीत. महायुद्धात दोन वर्षे मी महिला सहायक दलात कलकत्त्याला होते. टेबलभर पसरलेल्या नकाशावर लांब काठीने विमानांच्या खुणा सरकवायच्या, हे काम. कानाच्या यंत्रात आकडे येत, त्याप्रमाणे खूण पुढे न्यायची. मी चुकत नसे.

एकदा ब्रह्मदेशात आपल्या विमानांनी आपल्याच पलटणीवर मारा केला. ती खूणही मी बरोबर जागी नेली होती. नंतर कळले, खाली ओळखीची कापडे उलटी पसरली गेली होती. ती कोणी पसरली, त्याचे पुढे काय झाले, हे कोणी सांगितले नाही. मी विचारले नाही.

आण्णासाहेबांना हे सगळे सांगितले नाही. कापडाच्या खुणा मला येतात, एवढेच सांगितले.

५ सप्टेंबर

हत्तरवाडीहून विरुपाक्ष आला. हत्तरवाडी माझ्या मावशीचे गाव, जळकोटपासून आत. आई गेल्यावर मी तिथेच वाढले. विरुपाक्षचे घर मावशीच्या घरासमोर. गेल्या वर्षी मावशीने त्याच्याशी माझे लग्न जुळवायचा घाट घातला होता. मी नको म्हटले. तेव्हा कारणे होती.

त्याने मावशीची चटणी आणली. बातमीही आणली. गावच्या गढीत रझाकारांचे ठाणे आहे. ते लोक सामान बांधतायत. सगळे नळदुर्गला गोळा होणार असे दिसते.

"ते गेले की आमी आत शिरतो," तो म्हणाला. "दहा-बारा जण हावोत. बंदुका हायत तीन. एक चालती."

मी म्हटले, "तुम्ही आधी आण्णासाहेबांना विचारा."

"तुम्ही?" तो हसला. "चिंचंच्या झाडावरून मला ढकलून देताना 'अरे' म्हणायचीस. कलकत्त्याला जाऊन आलीस आन् मी तुम्ही झालो व्हय?"

मी चटणीची पुडी सोडली. चटणी तिखट होती.

९ सप्टेंबर

लष्कराचा एक कप्तान कँपात येऊन गेला. दिवस सांगितला नाही, पण फौज येणार हे आता नक्की. विमानेही येणार. विमानांना ठाण्यांची नावे दिली आहेत, त्यांत हत्तरवाडीची गढी आहे. विरुपाक्ष आणि त्याची माणसे तिथे शिरणार असतील, तर वरून ती कशी ओळखायची, हे मी ठरवायचे.

खूण कप्तानाने दिली. घराच्या छपराच्या दोन बाजूंसारखे, एका टोकाला जुळणारे दोन पांढरे पट्टे: आपली माणसे. त्याच दोहोंच्या मधून तिसरा लांब पट्टा गेला की बाण होतो. बाणाच्या टोकासमोर शत्रू आहे, मारा करा.

मी म्हटले, दोन्ही खुणा फार जवळच्या आहेत. तो म्हणाला, वैमानिकाला बाण कळतो. मी पुन्हा म्हटले. त्याने घड्याळाकडे पाहिले.

खूण कोणाला सांगायची, असे विचारले. तो म्हणाला, ज्याला गरज आहे फक्त त्यालाच. शत्रूला कळली तर तोही तेच कापड पसरेल. हे मला पटले. गरज कोणाला आहे, ते माझ्यावर सोपवले.

११ सप्टेंबर. हत्तरवाडी

काल रझाकार गेले. विरुपाक्षची माणसे आज गढीत शिरली, एकही गोळी न झाडता. रझाकारांनी जाताना चूलसुद्धा नेली, असे विरुपाक्ष सगळ्यांना सांगत सुटला आहे.

मावशीने मला पाहून आधी रडून घेतले, मग वाळलीस म्हणाली, मग जेवायला वाढले. तिचे नाव गौराबाई. मौसा कापडाचा धंदा करीत. ते गेल्यावर दुकान रझाकारांनी लुटले, पण मावशीने पांढऱ्या मांजरपाटाचा एक गठ्ठा धान्याच्या पेवात उतरवून ठेवला होता. वर ज्वारी ओतली होती. मी कापड मागितले तेव्हा तिने पेव उघडले. काहीही विचारले नाही. मी दोन पट्टे फाडून घेतले, कडा मुडपून शिवल्या. बाकीचा गठ्ठा तिने घरातच ठेवला. म्हणाली, आता कुणाला भ्यायचं.

तिने विचारले ते एवढेच, "जगू, इमानातून आमी दिसतो का गं?"

"माणूस दिसत नाही. कापड दिसतं."

"आन् कापडावरचा माणूस?"

"नाही."

ती विचारात पडली. संध्याकाळपर्यंत हे गावभर झाले होते. नदीवरून लाडलेसाब रंगारी मुद्दाम आला. मौसांचा जुना दोस्त, दुकानाचे सगळे कापड तोच रंगवायचा. त्याच्या हातांना मनगटापर्यंत रंग असतो, तो कधीच जात नाही. म्हणाला, "बेटी, सुना है कपडा दिखता. मग माझं हिरवं दिसंल का लाल?"

"पांढरं सगळ्यात जास्त."

"म्हंजे पन्नास साल मेहनत केली ती वाया," तो म्हणाला, आणि मावशी पुष्कळ दिवसांनी हसली.

१२ सप्टेंबर

गढीच्या दरवाजासमोर, थोडे खाली, खळे आहे. सपाट, सारवलेले, वरून उघडे. जागा तीच घेतली. सायंकाळी दोन्ही पट्टे टाकून पाहिले. खालच्या बाजूला ओल होती, म्हणून जुळणारे टोक गढीकडे केले. या खुणेत टोक कुठेही असले तरी चालते.

बायका बघायला जमल्या. मी बजावले, या दोन कापडांना कोणी हात लावायचा नाही, कोणी ओलांडायचे नाही. त्यांनी माना डोलावल्या. एकीने का म्हणून विचारले. मी म्हटले, सरकारी हुकूम आहे.

विरुपाक्ष गढीच्या बुरुजावर पाय सोडून बसला होता. मी वर गेल्यावर म्हणाला, "मला तरी सांग. ह्यात काय बगायचं असतं?"

"पट्टे जसे आहेत तसे राहिले पाहिजेत. बास."

"आन् न्हाय राह्यले तर?"

"राहतील."

"मला सांगितलंस तर मी काय निजामाला तार करणार हाय?"

मी म्हटले, ज्याला गरज आहे त्यालाच सांगायचे आहे. तो बराच वेळ खळ्याकडे बघत राहिला. मग म्हणाला, "बरं बाई. मला गरज न्हाई." हे तो चिडून म्हणाला की थट्टेने, ते कळले नाही. त्याचा आवाज दोन्ही वेळा सारखाच असतो.

१३ सप्टेंबर

पहाटे पश्चिमेकडून तोफा. फौज आली. दुपारी बातमी आली, नळदुर्ग पडले, रणगाडे जळकोटवरून पुढे गेले. सकाळीच पट्टे पसरले. दिवसभर मी खळ्याच्या कडेला बसून होते. दोनदा विमाने गेली, उंचावरून. आपल्याकडे आली नाहीत. पट्टे नीट होते.

उद्या मी स्वतः जळकोटला जाऊन कप्तानाला गाठणार आहे. गढी आपली झाली, हे वायरलेसने वर कळले की कापडाची गरजच उरणार नाही. विरुपाक्ष म्हणाला, गाडी घेऊन जा. मी म्हटले, चालत लवकर पोचेन.

१५ सप्टेंबर

काल काय झाले ते क्रमाने लिहिते.

आभाळ स्वच्छ होते. पट्टे पसरले, कडांना दगड ठेवले, आणि जळकोटला निघाले. फाट्यावर फौजेच्या गाड्या होत्या. कप्तान भेटला. मी सांगितले, हत्तरवाडीची गढी तीन दिवसांपासून आपल्याकडे आहे. तो म्हणाला, शाब्बास, आणि वायरलेसवाल्याला बोलावले. तो निरोप सांगत असताना विमाने आली. दोन. ती आमच्या डोक्यावरून हत्तरवाडीच्या बाजूला वळली, एक गिरकी घेतली, पुन्हा घेतली. वैमानिक खूण वाचतोय, हे मला कळले. वाचून तो निघून जाईल म्हणून मी उभी राहिले.

पहिले विमान खाली आले.

आवाज उशिरा आला. कप्तान वायरलेसवर ओरडत होता. मी पळत निघाले.

गढीचा पुढचा बुरुज नव्हता. चौघे आत दगडांखाली होते, त्यांतले तिघे मेले. चौथा विरुपाक्ष, त्याला खळ्यावर आणून निजवले होते. कापडावर.

ते माझे कापड नव्हते. माझे दोन्ही पट्टे जिथल्या तिथे होते, कडांवर दगड, एक सुरकुती नाही. त्यांच्या मधून, गावच्या वाटेपासून थेट गढीच्या दरवाजासमोर टोक जुळते तिथपर्यंत, मावशीच्या गठ्ठ्यातले पांढरे कापड अंथरलेले होते. एकाला एक जोडून, सरळ. दोन्ही बाजूंना हळदकुंकवाच्या चिमटी. मी ते पाहिले. पूर्ण पाहिले.

फौजेचा मोठा अंमलदार झेंडा लावायला गढीवर येणार, असे कोणीतरी उठवले होते. बायका वेशीजवळ आरत्या घेऊन थांबल्या होत्या, म्हणून वाचल्या. मावशी माझा दंड धरून सांगत होती, रडत होती, तरी सांगत होती: "तुझ्या कापडाला कुणी बोट लावलं न्हाई बघ. ओलांडलं बी न्हाई. तू दोन्ही अंगानं घातलंस, मदली वाट आमच्यासाठी सोडलीस, तिथंच आमी पायघड्या घातल्या. त्येच्या पायाला माती लागू ने म्हणून."

मी विरुपाक्षजवळ बसले. पोटाला लागले होते. मला जखमा बांधता येत नाहीत.

तो म्हणाला, "तुझी इमानं नेम लई चांगला धरतात की."

"बोलू नकोस."

"खूण बरोबर हुती न्हवं?"

"हो. बरोबर होती. तू बोलू नकोस रे."

"हां," तो म्हणाला. "आता कसं." तो हसायला लागला पण त्याला हसता आले नाही. कशाबद्दल म्हणाला ते मला कळले नाही.

लोक गाडी जुंपायला गेले. तेवढ्यात मी मधले कापड गोळा केले. का, ते सांगता येत नाही. हळदकुंकू झटकले. नीट घड्या घातल्या, कडेला कड लावून. शेवटची घडी त्याच्या अंगाखालची होती, ती राहू दिली.

गाडी जळकोटपर्यंत पोचली नाही.

१६ सप्टेंबर

चौघांनाही त्यांच्या शेताच्या बांधाला समाधी दिली. आम्हा लिंगायतांत बसवून पुरतात. जंगमाने विभूती लावली, मांडी घालून बसवले. विरुपाक्ष उंच होता, खड्डा पुन्हा खोदावा लागला. अंगावरचे नवे वस्त्र मावशीने दिले. ते मांजरपाट नव्हते, रेशीमकाठी धोतर होते. ती म्हणाली, गेल्या साली घेऊन ठेवलं हुतं. कशासाठी घेतले होते ते तिने सांगितले नाही. मीही विचारले नाही.

१८ सप्टेंबर

निजामाने शरणागती पत्करली. काल रात्री बातमी आली, आज गुलाल उधळला. आण्णासाहेब घोड्यावरून आले, चावडीवर भाषण केले. हुतात्म्यांची नावे घेताना त्यांनी खरोखर डोळे पुसले. हे चौघे निजामाच्या हल्ल्यात गेले, असे ते म्हणाले.

नंतर मला बाजूला घेतले. "विमान कोणाचं होतं, हे आपल्याला ठाऊक आहे. गावाला वाटतं निजामाचं. वाटू दे."

मी म्हटले, निजामाची विमाने इकडे आलेली नाहीत.

"जगदेवी, कालपरवा सुटलेली माणसं आहेत ही. पहिल्याच दिवशी त्यांना काय सांगायचं? सोडवायला आलेल्यांनीच मारलं?"

या प्रश्नाला एकच बाजू असावी, अशी त्यांची इच्छा दिसली. खरे सांगायचे तर मला बरे वाटले. कोणी काही विचारणार नाही.

२० सप्टेंबर

गावात दोन दिवस नवेच बोलणे सुरू आहे. निजामाच्या विमानाला गढी कोणी दाखवली? त्या सकाळी नदीकाठी लाडलेसाबने हिरवे कापड वाळत घातले होते. रझाकारांचे कपडेही त्यानेच रंगवले होते. कापड वरून दिसते, हे तर जगदेवीनेच सांगितले आहे.

माझे वाक्य मला दोन बायकांनी परत ऐकवले. शब्द बरोबर होते.

२१ सप्टेंबर

सकाळी ओरडा झाला म्हणून बाहेर आले. लाडलेसाबला घरातून ओढून चावडीसमोर आणले होते. वीसेक माणसे, काहींच्या हातात कुऱ्हाडी. पुढे विरुपाक्षचा थोरला भाऊ गुंडप्पा. समाधी दिल्यापासून तो जेवलेला नाही म्हणतात. आसपासच्या गावांत मुसलमानांवर काय सूड चालला आहे ते सगळ्यांना माहीत आहे, त्यामुळे इथे काय होणार हेही माहीत होते.

"हिरवं का घातलंस? कुणाला दावायला?"

लाडलेसाब खाली बसला होता. पागोटे सुटले होते. "अरे बाबा, लुगडं हुतं ते. तुझ्याच आईचं लुगडं, गुंडप्पा. तिनंच दिलतं रंगवायला. विचार की तिला."

"आईचं नाव काढू नको!"

"रझाकाराचे कपडे रंगवलेस का न्हाई?"

"गळ्याला तलवार लावली, रंगवले. तुला लावली असती तर तू बी रंगवले असतेस. वाईट रंगवले असतेस."

कोणीतरी त्याला लाथ मारली. मावशी माझ्या आधी तिथे पोचली होती आणि त्याच्या अंगावर वाकून उभी होती. तिला बाजूला करायला माणसे आली.

मी म्हटले, "विमान निजामाचं नव्हतं."

कोणी ऐकले नाही. मी पायरीवर चढून पुन्हा म्हटले. विमान आपले होते. जळकोटला मी फौजेबरोबर उभी होते, माझ्या डोक्यावरून ते गेले.

गुंडप्पा वळला. "आपलं इमान आपल्याला कशाला मारंल?"

"खळ्यावरची खूण पाहून मारलं. त्या खुणेचा अर्थ, इथे शत्रू आहे, असा झाला."

"खूण कुणी घातली?"

"मी."

मावशी म्हणाली, "अगं पर पायघड्या तर—"

"मावशी, तू गप्प बस. तुला यातलं कळत नाही." एवढ्या मोठ्याने मी तिच्याशी कधी बोलले नव्हते. "खूण मी घातली. चुकीची घातली. या माणसाचा त्यात काही संबंध नाही. हिरव्या कापडाला काही अर्थ नसतो."

गुंडप्पा जवळ आला. "कलकत्त्याला शिकलीस न्हवं?"

"हो."

"आन् चुकलीस?"

"हो."

"तो तुझ्यावर भरवसा ठेवून बसला हुता. मी म्हणलो त्याला, खाली उतर, इमानं यायलीत. तो म्हणला, जगदेवीनं घातलंय, काय हुत न्हाई."

त्याने कुऱ्हाड खाली टाकली. थोडे चालून गेला, परत आला, कुऱ्हाड उचलली, आणि घरी गेला. बाकीचे तिथेच घुटमळले आणि पांगले.

लाडलेसाबला मावशीने उठवले. ती माझ्याकडे बघत होती. तिला काही कळलेले नाही, हे बरे झाले.

२२ सप्टेंबर

दारावर शेण मारले आहे. मावशीने ते धुतले. विहिरीवर मी गेले की बायका घागरी उचलतात. समोरच्या घरातून विरुपाक्षची आई बाहेर आली होती. तिने माझ्याकडे पाहिले नाही, आणि नदीकडे गेली. परत आली तेव्हा तिच्या हातात हिरवे लुगडे होते.

आण्णासाहेबांचा निरोप आला. कँपाला आता माझी गरज नाही. ते लिहितात, सत्यालाही वेळ असते.

२७ सप्टेंबर

कप्तान आला. चौकशी म्हणून नव्हे, तो म्हणाला, जाता जाता. माझ्यासमोर उभे राहणे त्याला जड जात होते. आपल्या जळकोटच्या निरोपाला थोडा उशीर झाला, हे त्याने आपणहून सांगितले. मग म्हणाला, दोन्ही वैमानिकांनी स्वच्छ बाण पाहिला. दोनदा गिरकी घेऊन खात्री केली. म्हणजे खाली तीन पट्टे होते. तिसरा कोणी टाकला?

मी म्हटले, मी.

"का?"

"चुकून."

"ज्या बाईने मला सांगितलं की खुणा फार जवळच्या आहेत, तिच्याकडून?"

"हो."

तो खळ्याकडे गेला. टाचेने जमीन उकरली. तिथे अजून कुंकवाचा लालसर डाग होता, पावसाने पसरलेला. त्याने तो पाहिला. रक्ताचा वाटला असावा. परत येऊन टोपी काढली आणि म्हणाला, युद्धात असे होते. माझ्या कलकत्त्याच्या अधिकाऱ्यानेही हेच वाक्य वापरले होते.

खूण मी चूक घातली नव्हती. हे मी फक्त इथे लिहिते. टोक गढीकडे केले, ते चूक नव्हे. बायकांना कारण सांगितले नाही, ते हुकमाप्रमाणे होते. विरुपाक्षला सांगितले नाही, तेही. यांतले प्रत्येक बरोबर होते. मी पुन्हा पुन्हा तपासले आहे.

त्या दिवशी विरुपाक्ष बुरुजावर बसून खळ्याकडेच बघत होता. बायका कापड अंथरत होत्या तेव्हाही.

४ ऑक्टोबर

उडीद काढणी चालू आहे. मावशीच्या शेतात गडी यायला तयार नाहीत. लाडलेसाब आला, रंगीत हातांनी उडीद उपटू लागला. मावशी त्याला म्हणाली, तुझ्यानं न्हाई व्हायचं. तो म्हणाला, "भाभी, पंद्रा दिन झाले, एक कपडा रंगायला आला नाय. हात रिकामे ठेवून काय करू?"

दुपारी बांधावर भाकरी खाताना मावशीने विचारले, "जगू, वरून नेमकं काय दिसतं गं?"

"काही नाही."

"तू म्हणली हुतीस, कापड दिसतं."

"कोरड्या हवेत. त्या दिवशी ढग होते. पाऊस होता. वरून त्यांना काहीच नीट दिसलं नसेल. माझे पट्टे तेवढे दिसले."

मावशीने भाकरीचा तुकडा मोडला, तो बराच वेळ हातातच ठेवला. "व्हय," ती म्हणाली. "पाऊस हुताच की."

लाडलेसाबने मान वर करून तिच्याकडे पाहिले. त्या दिवशी त्याने नदीवर कापड वाळत घातले होते. मग तो भाकरीकडे वळला. दोघांनाही आठवत नसावे.

११ ऑक्टोबर

मावशीने आज घरातले सगळे पांढरे कापड बाहेर काढले. गठ्ठ्यात उरलेला मांजरपाट, मी घड्या घातलेले कापड, माझे दोन पट्टे, मौसांची धोतरे, स्वतःची पांढरी लुगडीसुद्धा. एवढे ओझे डोक्यावर घेऊन भर दिवसा, चावडीवरून, लाडलेसाबच्या घरी गेली. मी म्हटले, मी घेते. तिने घेऊ दिले नाही. वाटेत बायका बघत उभ्या होत्या. तिने प्रत्येकीला थांबून सांगितले, रंगवायला चाललेय.

मला म्हणाली, डाग जात न्हाईत.

मी त्या घड्या स्वतः घातल्या होत्या. एक सोडून कोणत्याच कापडावर डाग नव्हता.

१६ ऑक्टोबर

कापड रंगून आले. लाल नाही, हिरवे नाही, निळेही नाही. काळ्या रानाचा रंग, पाऊस पडून गेल्यावर होतो तसा. लाडलेसाब म्हणाला, "पन्नास साल में पहली बार, ऐसा रंग मांगा के दिखना नहीं." त्याने मजुरी घेतली नाही. मावशीने ती त्याच्या ओट्यावर ठेवली आणि आली.

तिने सगळे कापड खळ्यावर वाळत घातले. वाटेपासून दरवाजापर्यंत, आणि दोन्ही बाजूंना. मग मला म्हणाली, "जा, गढीवर चढून बघ."

"कशाला?"

"जा म्हणते न्हवं."

पडलेल्या बुरुजाच्या शेजारचा शाबूत आहे. त्या दिवसानंतर मी पहिल्यांदाच वर गेले. तिथून गाव दिसते, वाट दिसते, दूर जळकोटच्या रस्त्याची झाडे दिसतात. खाली खळे होते. मी बराच वेळ पाहिले. नजर ठरवून पाहिले तरी कापड कुठे संपते आणि जमीन कुठे सुरू होते ते सांगता येत नव्हते. मावशी मधोमध उभी होती, स्वतःही त्याच रंगाचे लुगडे नेसून, मान वर करून.

मी खाली उतरले.

"दिसलं का काई?"

मी म्हटले, नाही. या वेळी ते खरे होते.